कमान तुटली

"थांबवा, थांबवा. काहीतरी पडलं," मी म्हणाले.

"पडलं नाही. तुटलं," दत्तोबा म्हणाले आणि त्यांनी व्हॅन हळूच रस्त्याच्या कडेला घेतली.

तो आवाज अजून कानात आहे. आधी खड्डा आला, मग खाट्कन झालं, आणि मागची डावी बाजू बसली ती बसलीच. माझ्या मांडीवरचा चिवड्याचा डबा सरळ पायात. अनंतपूर मागं पडलं होतं, दोन्ही बाजूंना नुसते खडकांचे डोंगर, आणि वर बाराचं ऊन. दत्तोबा खाली उतरले, शर्ट काढून सीटवर ठेवला आणि बनियनवर व्हॅनखाली शिरले.

नवऱ्याचं नाव घेऊ नये असं आमच्या उदगीरला आईनं शिकवलं होतं, पण "हे" आणि "यांनी" करत गोष्ट सांगायला बसले तर तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही. म्हणून दत्तोबा म्हणते. तशीही मला सवय आहे. बरकतपुऱ्यात उभं आयुष्य काढलं, तिथं त्यांना कुणी दत्तोबा म्हणायचं, बाकी सगळी गल्ली अंकल म्हणायची. शाळेच्या व्हॅनवाले अंकल. बरकतपुऱ्यातून पोरं भरायची, नारायणगुड्याला शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. झालं. गाडी एवढी फिरली की तेवढ्यात दोनदा दिल्ली झाली असती, पण हैद्राबादच्या बाहेर म्हणून कधी गेली नाही.

"इंजिन तरी बंद करा," मी वाकून म्हटलं. "पेट्रोल काय फुकट येतं का?"

"नक्को. बंद करायचं नाही," खालून आवाज आला.

तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की माणूस कशाला घाबरलाय.

आमच्या ओंकारनं अट घातली होती. ओंकार आमचा एकुलता एक, गच्चीबावलीला कंप्युटरच्या कंपनीत आहे. त्याला हा प्रवास मुळीच पसंत नव्हता. म्हातारे आईबाप, त्याहून म्हातारी व्हॅन, आणि जायचं कुठं, तर कन्याकुमारीला. "विमानानं पाठवतो," म्हणाला. दत्तोबा म्हणाले, "विमान काय, कुणीही नेतं. मला माझ्या व्हॅनमधून जायचंय." महिना संपला की व्हॅनचं फिटनेस संपणार होतं, पुन्हा मिळायचं नव्हतं, भंगारवाला येऊन बघूनही गेला होता. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. शेवटी ओंकार म्हणाला, "ठीक आहे. पण रस्त्यात गाडी एकदा जरी बंद पडली, तर तिथूनच परत. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. शब्द द्या." दत्तोबांनी दिला. आणि हा माणूस शब्दाचा असा पक्का की पावसात गुडघाभर पाण्यातून दुसऱ्याचं पोरगं खांद्यावर घेऊन शाळेत पोचवलेलं आहे, कारण सकाळी त्याच्या आईला "पोचवतो" म्हटलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. पल्लवी. आमची सून. पुण्याची पोरगी, गुणी आहे, पण दर तासाला फोन. मी उचलला आणि मला काय सुचेना. खोटं बोलता येत नाही मला, तोंडावर दिसतं म्हणतात, पण फोनवरही ऐकू येतं.

"आई, काय झालं? असा का आवाज तुमचा?"

"अगं, काही नाही, ते हे खाली आहेत..."

"खाली म्हणजे?"

आणि खालून दत्तोबा ओरडले, "इंदू, कमान तुटली गं. कमान."

मी तेच फोनमध्ये सांगितलं, "कमान तुटली." पल्लवी काहीतरी बोलली आणि फोन मेला. मेला म्हणजे चार्जिंग संपलं. कर्नूलपासून मी कुसुमताईंना, म्हणजे माझ्या नणंदेला, व्हिडिओवर सगळा रस्ता दाखवत होते. तुंगभद्रा दाखवली, टोलनाका दाखवला, एक उंट दिसला तोही दाखवला. दत्तोबांचा फोन होता, पण गाडी चालवताना फोन जवळ नको हा त्यांचा नियम, त्यामुळं तो बंद करून पिशवीत, आणि पिशवी सगळ्या सामानाच्या तळाशी.

सामानाचं सांगायलाच हवं. कमान म्हणजे चाकावरच्या त्या लोखंडी पट्ट्या, गाडीचा सगळा भार झेलणाऱ्या. आमच्या हैद्राबादेत त्यांना कमानपट्टी म्हणतात. तर तो भार सगळा माझा होता. ज्वारीच्या पिठाचं पोतं, कारण तिकडे भातावर भात, आणि यांना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. शेगडी, सिलिंडर, तवा, परात, पाण्याचे कॅन, लोणच्याच्या बरण्या. आणि लोखंडी खलबत्ता. तो का घेतला हे मला आजही सांगता येणार नाही.

दत्तोबा बाहेर आले. तोंड काळं, पण डोळे कसे चमकत होते. मला वाटलं होतं रडवेले होतील. उलट माणूस वीस वर्षांनी लहान दिसत होता.

"वरची मेन पट्टी तुटली, जिथं गाडीला अडकवलेली असते त्या वळणापाशीच. टायर बॉडीला घासतोय. पोळपाट दे."

"काय?"

"पोळपाट दे आणि कपडे वाळत घालायची दोरी दे. लवकर."

माझ्या आईनं लग्नात दिलेला सागवानी पोळपाट. तो त्यांनी जॅक लावून चाकाच्या दांड्यावर आणि बॉडीच्या मध्ये कोंबला, नायलॉनची दोरी अशी गुंडाळली की बस, आणि सायकलच्या वेगानं आम्ही निघालो. ट्रकवाले हॉर्न मारून जात होते. एक मोटारसायकलवाला वळून वळून बघत होता. मी खिडकीतून मागच्या चाकाकडे बघत पोळपाटाची खबर देत होते.

"आहे का?"

"आहे."

"आता?"

"आहे हो. तुम्ही पुढं बघा."

पुढं एका गावापाशी उड्डाणपूल लागला. त्याखालून पलीकडच्या बाजूला गेलं की पत्र्याची शेड होती, आणि शेडबाहेर तुटक्या कमानींचा ढीग. तो बघून मला देवळाचा कळस दिसल्यासारखं झालं. शेडचा मालक मस्तानभाई, चाळिशीचा, दाढीला मेंदी. त्यानं वाकून बघितलं आणि आधी पोळपाटाला हात लावला.

"ये क्या लगाए चाचा?"

"रोटी का पाटा."

"या अल्ला," मस्तानभाई म्हणाला. "बीस साल से काम करा मैं, ये नै देखा. बंद करो इंजिन."

दत्तोबा हलले नाहीत. स्टिअरिंग धरून बसले. "बंद नै करना," म्हणाले.

"नै करना बोले तो मैं नीचे कैसा घुसूं? मेरे भी बच्चे हैं."

मी जवळ गेले. हळू आवाजात म्हटलं, "अहो, ओंकार काय म्हणाला होता? बंद पडली तर. ही पडतीय का? तुम्ही करताय. बंद करणं वेगळं, बंद पडणं वेगळं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरही एवढं बघितलं नसेल. मग किल्ली फिरवली. इंजिन थांबलं आणि एकदम सगळं शांत झालं.

सामान उतरवायला लागलो तेव्हा तळाची पिशवी सापडली आणि पिशवीत फोन. चालू केला तर वाजायलाच लागला. मी कानाला लावला. पलीकडे ओंकार.

"ओंकार, मी आई."

"आई, बाबा... आहेत ना?"

"आहेत म्हणजे? हे काय समोर उभे आहेत, खलबत्ता उतरवतायत."

मग तो माझा घोडा झालेला पोरगा फोनवर रडायला लागला. बऱ्याच वेळानं उलगडा झाला. यांचं ओरडणं पल्लवीला ऐकू गेलं नव्हतं, माझं मात्र नीट आलं होतं. पण पुण्यात कमान म्हणजे लग्नाच्या हॉलपुढं उभारतात ती, किंवा गावाच्या वेशीवर असते ती. ती गाडीखाली कशी तुटेल? म्हणून तिनं विचार केला आणि ठरवलं की मी "मान" म्हणाले असणार. बाबा खाली आहेत, आणि बाबांची मान तुटली. पुन्हा फोन लावला तर दोन्ही बंद. दोघं नेसत्या कपड्यानिशी गाडीत बसून निघाले होते. पल्लवीनं मागून फोन घेतला, "आई, तुम्ही पाटा का नाही म्हणालात? आमच्याकडे पाटाच म्हणतात हो." आता मला काय माहीत पुण्यात काय म्हणतात.

ओंकारनं डोळे पुसले असावेत, कारण आवाज बदलला. "आम्ही जडचर्ल्याच्या पुढं आलोय. तिथंच थांबा. येतो आणि तुम्हाला घेऊन परत जातो. बाबांना सांगा, शब्द दिला होता."

मी निरोप सांगितला. दत्तोबा मस्तानभाईकडे वळले. "ये कब तक होता?"

"पट्टी नै है चाचा इस गाडी की. कल मंगाता."

"आज होना. शाम के अंदर."

"इत्ती जल्दी कायकू?"

मी मध्ये पडले. "बेटा, हमारा लडका आरा हैद्राबाद से."

"आरा तो अच्छाच है ना अम्मा."

"अच्छा नै है. वो वापस लेके जाता. हमको कन्याकुमारी जाना है. ये गाडी का येच आखरी है, इनका भी."

मस्तानभाईनं व्हॅनकडे बघितलं. पिवळा रंग, दारावर अर्धवट पुसलेलं शाळेचं नाव, आत मुलांसाठी ठोकलेली लाकडी फळी. मग दत्तोबांकडे बघितलं. मग एकदम हसला आणि हात झटकले. "लडका कहां तक आया?"

"जडचर्ला."

"तो टाइम है. मेरे साले के गांव में ऐसीच एक गाडी पडी है भंगार में. उसकी कमान निकालके लाता. तब तक आप ये तोडके रखो. आता ना चाचा?"

"आता बोले तो?" दत्तोबा म्हणाले आणि बाह्या वर करायला गेले, पण अंगात बनियनच होतं.

मस्तानभाई मोटारसायकलवर गेला आणि मग सुरू झाली शर्यत. दत्तोबा बोल्ट सोडवत होते, एक गंजलेला होता तो सुटेना, त्यावर लोणच्यातलं तेल ओतलं. हो, ओतलं. कैरीचं होतं. सुटला. मी काय करणार, हात शिवशिवत होते, शेगडी पेटवली आणि पिठाचं पोतं उघडलं. नाहीतरी भार कमीच करायचा होता. भाकऱ्या थापायला बसले. फोन वाजला. "कर्नूल," ओंकार म्हणाला. मी ओरडून सांगितलं, "कर्नूल आलं हो." मस्तानभाईचा पत्ता नाही. भाकरी फुगली, उलटली. मस्तानभाईचा पत्ता नाही. मला वाटलं, गेला तो गेलाच, सासुरवाडीला चहा पीत बसला असेल, तिकडे काय घाई असते का माणसाला. पुन्हा फोन. "गुत्ती." आता माझं काळीज धडधडायला लागलं. खरं सांगते, एवढी धडधड ओंकारच्या बारावीच्या निकालालाही झाली नव्हती.

आणि मस्तानभाई आला. पट्टी मोटारसायकलला आडवी बांधलेली. पण मापाला लावली तर जरा सरळ झालेली, बाक गेलेला. "रुको," म्हणाला आणि भट्टी पेटवली. पट्टी लाल झाली, मग दोघांनी मिळून ठोकली. एक घाव त्याचा, एक घाव यांचा. घामानं निथळत होते दोघं आणि मधेच हसत होते, का ते त्यांनाच ठाऊक. "और थोडा, चाचा. बस. बस बोला ना." तेलात बुडवली तेव्हा केवढा धूर झाला. मी धुरातून हाक मारली, "अनंतपूर आलं म्हणतोय."

शेवटचा बोल्ट आवळला आणि जॅक काढला. व्हॅन खाली आली, थोडी दबली, आणि वर उचलली जाऊन सरळ उभी राहिली. मी चारी बाजूंनी फिरून बघितलं. मग सगळ्यांनी उभ्यानंच भाकरी खाल्ली. पिठाचं पोतं मी मस्तानभाईच्या बायकोला पाठवून दिलं, तिकडे ज्वारीच्या रोट्या करतातच. खलबत्ताही दिला. पोळपाट मात्र परत घेतला. त्याला एक चीर गेली आहे, पण पोळी लाटता येते.

"अब भागो," मस्तानभाई म्हणाला. "लडका आने के पहले."

दत्तोबांनी शर्ट घातला, खिशातला कंगवा काढून भांग पाडला. गाडीत बसायच्या आधी भांग पाडायचा हा रोजचा रिवाज. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पळून नाही जायचं. पोरगं एवढ्या लांबून आलंय."

"अहो, पण तो परत नेईल."

"नेईल तर नेईल."

एवढी धावपळ केलीत ती मग कशाला, असं मी म्हणणार होते. मोठ्यानंच म्हणणार होते. पण तेवढ्यात पुलाखालून ओंकारची गाडी आली.

तो गाडी नीट थांबायच्या आधीच उतरला. सरळ वडिलांपाशी आला. रागानं काहीतरी बोलणार असं मला वाटलं, पण त्यानं हात वर केला आणि त्यांच्या मानेवर मागून ठेवला. तसाच ठेवला. दत्तोबाही हलले नाहीत. पल्लवी माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि तिनं माझा पदर धरला, लहान पोरीसारखा.

"गाडी बंद पडली नाही," दत्तोबा म्हणाले. "कमान तुटली. दुरुस्त झाली. आता तू ठरव."

"बाबा, जडचर्ल्यापर्यंत मी तुम्ही गेलात असं समजून गाडी चालवली."

बंद करणं आणि बंद पडणं, सगळा दिवस घोटून ठेवलेला वाद दत्तोबांनी तिथंच सोडला. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि ओंकारपुढं धरली.

"चल. घरी जाऊ."

ओंकारनं किल्ली घेतली. व्हॅनचं मागचं दार सरकवून आत बघत राहिला. ती लाकडी फळी. शाळेत असताना तोही तिच्यावरच बसायचा, दाराजवळच्या टोकाला. दत्तोबांचा नियम होता, व्हॅनमध्ये मी तुझा बाप नाही, सगळ्या पोरांचा अंकल आहे, तूही अंकलच म्हणायचं. म्हणायचा बिचारा. आणि नारायणगुड्याच्या आधी एक चौक लागायचा. शाळा डावीकडे. उजवीकडचा रस्ता वास्तविक मुशीराबादला जातो, पण दत्तोबांनी एकदा पोरांना थाप मारली होती की तो सरळ कन्याकुमारीला जातो. झालं. रोज त्या चौकात सगळी व्हॅन ओरडायची, "राइट, अंकल, राइट." दत्तोबा म्हणायचे, "आज नै, कल," आणि डावीकडे वळायचे. पोरं मोठी झाली, दुसरी आली, त्यांनाही कुणीतरी शिकवलं. ओंकार मोठा झाल्यावर व्हॅनमध्ये बसेनासा झाला. तेव्हापासून त्यानं ते दार उघडलेलं मला आठवत नाही.

त्यानं किल्ली वडिलांच्या हातात परत दिली. "तुम्हीच चालवा. मी मागं बसतो." मग पल्लवीला म्हणाला, "तू गाडी घेऊन आमच्या मागं ये."

"मागं म्हणजे..." पल्लवी म्हणाली आणि थांबली. "बरं."

आम्ही बसलो. मस्तानभाई शेडच्या दारात उभा, चेहरा पडलेला. शेडपासून रस्त्याला लागताना डावीकडे वळलं की अनंतपूर, कर्नूल, हैद्राबाद. उजवीकडे पुलाखालून गेलं की बंगळूर आणि पुढचं सगळं.

दत्तोबांनी इंजिन चालू केलं, आणि सवयीनं, आरशात बघत विचारलं, "सब बैठे क्या?"

त्यांनी डावा इंडिकेटर दिला. टिक टिक टिक. रस्ता मोकळा होता, तरी ते थांबले होते. मी खिडकीबाहेर बघत होते, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"बैठे, अंकल," मागून ओंकार म्हणाला. गुडघे हनुवटीपर्यंत आलेले त्याचे, फळी मुलांची होती. मग थोडं थांबून म्हणाला, "राइट, अंकल."

टिकटिक थांबली. मग उजव्या बाजूची सुरू झाली.

दत्तोबांनी खिशातून रुमाल काढला आणि आरसा पुसला. आरसा मी सकाळीच पुसून ठेवला होता.